दुकानदार ओळखीचा असला तरी या चुका टाळा

कापसाचं बियाणं घेताना पक्कं बिल मागितलं, की आपल्या खानदेशातला कृषी केंद्रवाला हसतो. "बिल कसाले जोयजे भाऊ, मी शे ना!" (बिल कशाला हवं, मी आहे ना!) वर्षानुवर्षांची उधारी, लग्नकार्यात येणंजाणं, मग पुढे बोलायचं कोणी? उगवण फसली की मात्र तोच विचारतो, "हे बियाणं माझ्याकडचंच कशावरून?"

बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. माल उधारीवर घेतला तरी तुम्ही ग्राहकच. बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहिलाय का, ते काउंटरवरच वाचा. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा घेऊन घरी येऊ नका.

उगवलं नाही म्हणून लगेच वखर घालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पाऊस हातचा जाईल म्हणून जीव घाबरतो, ते समजण्यासारखं आहे. पण दुबार पेरणी झाली की पुरावा मातीत गेला. आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी मागा. तोवर तारखेसह फोटो काढून ठेवा.

समिती शेतात आली की पंचनामा नीट वाचून मगच सही करा. नुसतं 'उगवण कमी आढळली' एवढंच लिहिलेलं असेल, तर कंपनी हमखास म्हणणार की ओल कमी होती, बी खोल पडलं. म्हणून कारण लिहायला सांगा: दोष बियाण्याचा की आणखी कशाचा? गट नंबर आणि लॉट नंबरही त्यात यायला हवेत.

रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. बी उरलंच नसेल तरी तक्रार सोडू नका. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आणि तपासणीसाठी त्याने बी राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असंही म्हटलं. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना टिश्यू कल्चरच्या रोपांबाबत "तुम्ही तर विकायला पिकवता, ग्राहक कसले?" असं कोणी ऐकवलं, तर स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी कायदा व्यापारी मानत नाही, हे त्याला सांगा.

"पुढच्या महिन्यात बघू" ऐकत बसणं

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात जावं लागतं. तोंडी आश्वासनांनी किंवा नोटिशींवर नोटिशी धाडल्याने ही मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र ती मध्यस्थी आहे, कोर्ट नव्हे. तिच्या भरवशावर मुदत घालवू नका.

जळगावचं सोनं म्हणून निर्धास्त राहणं

नाव मोठं आहे, तरी दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकून बघाच. बिलात निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगळा दिसायला हवा. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे.

आयोग म्हणजे वकील आणि खर्च, असं समजणं

माल किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच जातात. वकील सक्तीचा नाही. कंपनी पुण्याची असो की दिल्लीची, तुम्ही राहता त्या जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्याच आयोगात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. मागणी मात्र नेमकी लिहा: किती रक्कम, कशापोटी, कोणत्या कागदाच्या आधारावर. 'योग्य ती भरपाई मिळावी' एवढ्यावर हाती फार काही लागत नाही.

निकाल लागूनही समोरचा पैसे देत नसेल, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान 25 हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत जोडा.