वजन कुठून कुठे जातं ते बघा, मग फोटो काढा

चेन्नईत रिक्षावाल्याला 'उळैप्पाळर सिलै', म्हणजे कामगारांचा पुतळा, एवढंच सांगा. तो मरिना बीचच्या उत्तर टोकाशी नेऊन सोडतो. चौथऱ्यावर चार उघडे कामगार, दांडे लावून एक अजस्र दगड हलवताहेत. इंग्रजीत 'ट्रायम्फ ऑफ लेबर', श्रमाचा विजय. देवीप्रसाद रायचौधुरी यांचं हे शिल्प १९५९ साली इथे उभं राहिलं. मी या गावात नोकरीनिमित्त आले तेव्हापासून, गेली नऊ वर्षं, त्याचे फोटो काढते आहे.

माझे बाबा पुण्याला भुसार बाजारात हमाली करायचे. ते सांगायचे, पोतं पाठीवर दिसतं, पण उचलतात पाय. हे शिल्प मला त्या एका वाक्यामुळे कळलं. बहुतेक लोक येतात, चेहरे झूम करतात आणि जातात. चेहरे चांगलेच आहेत, पण इथला भाव अंगभर पसरलेला आहे. रायचौधुरी स्वतः कुस्ती खेळलेले होते. जोर कुठे लावायचा हे त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. म्हणून पहिल्या फेरीला कॅमेरा पिशवीतच ठेवा. चौथऱ्याला पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि एकेका माणसाचं वजन डोळ्यांनी खाली उतरवत न्या: मनगट, खांदा, बरगड्या, आत ओढलेलं पोट, मांडी, पोटरी, पायाची बोटं. जिथे नजर अडकते तिथे फोटो आहे.

आता उजेड. समुद्र पूर्वेला आहे, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा मी सकाळी रस्त्याच्या बाजूने पन्नासेक फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर नुसत्या काळ्या आकृत्या. सूर्य पुतळ्याच्या मागे होता. शिल्पाचं अंग वाचायचं असेल तर सूर्य आपल्या एका बाजूला हवा, म्हणजे सकाळी उत्तरेला किंवा दक्षिणेला उभं राहायचं. त्यातही फरक आहे. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २४ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, तेव्हा दक्षिणेची बाजू घ्या. जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे, तेव्हा उत्तरेची. उगवल्यानंतरचा पहिला तास तिरपा उजेड ब्राँझवर सरपटत जातो आणि प्रत्येक बरगडीची सावली शेजारच्या खोबणीत पडते. रायचौधुरींनी पृष्ठभाग गुळगुळीत घोटलेला नाही, मातीचे थर दिल्यासारखा खडबडीत ठेवला आहे. तो खडबडीतपणा याच तासात दिसतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की भुवयांखाली डोळे बुडतात; तेव्हा चहा प्यावा.

चौथरा उंच आहे. अगदी खाली उभं राहून वर कॅमेरा धरलात तर पाय हत्तीएवढे आणि डोकी लिंबाएवढी येतात. मागे सरका आणि लांबून ओढून घ्या. मी १३५ मिलिमीटरची लेन्स वापरते. मोबाइल असेल तर त्याची खरी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स वापरा, नुसतं बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र फुटतं.

ब्राँझ गडद आहे आणि त्यामुळे कॅमेरा दोन प्रकारे फसतो. मागे मोकळं आकाश असलं की तो शिल्प काळं करतो. मोबाइलवर कामगाराच्या छातीवर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. पण नुसती एक पोटरी चौकटभर घेतलीत की तो तिला उजळून राखाडी करून टाकतो. तेव्हा उलट, उजेड एक पायरी कमी करा. काळं काळंच राहू दे. पोटरीवरची चमकती कड तेवढी हवी.

हाताची पकड घेताना दांडा अर्ध्यात कापू नका. दांड्याची दिशा दिसली नाही तर मूठ कशासाठी आवळली आहे ते कळत नाही, नुसती मूठ उरते. पायाच्या बोटांसोबतही खालच्या जमिनीची बोटभर पट्टी राहू द्या.

नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पावसाची सर येऊन गेली की मी हातातलं काम टाकून निघते. ढगाळ उजेड आणि ओलं ब्राँझ, पाठींवर घाम आल्यासारखं वाटतं. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर दर वेळी पापुद्रा बसतो. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, वाळू उडवा, मगच कापड लावा, नाहीतर काच ओरखडते.

परवानगीबद्दल पुष्कळ जण विचारतात. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. हात साधला की याच किनाऱ्यावर दक्षिणेला रायचौधुरींचाच चालता गांधी आहे, तोही १९५९ चाच. तिथे वजन नाही, चाल आहे. दोन्ही एकाच सकाळी बघा.

निवड मात्र स्वतः करू नका. ज्याने कधी ओझं उचललं आहे अशा कोणाला तरी दाखवा. मी चार फोटो छापून पुण्याला नेले होते. बाबांनी चष्मा लावून दोन लगेच बाजूला ठेवले. तिसऱ्यात मी माणूस गुडघ्यावर कापला होता. त्यांनी कडेवर बोट ठेवून विचारलं, "ह्याचे पाय कुठायत?" चौथा, पायांच्या बोटांचा, त्यांच्या पलंगाशेजारी आहे.