होमस्टेवरची जकूझी: तळ दिसतो म्हणून फसू नका, या चुका टाळा

पाऊस उघडला की शनिवारी बेळगावातनं गाड्या जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला लागतात. तिकडच्या काही होमस्टेवाल्यांनी आता अंगणात जकूझी, म्हणजे बुडबुडे सोडणारा गरम पाण्याचा टब, बसवली आहे. टब विकणारा येतो, बटणं दाखवतो आणि जातो. पुढचं निस्तरायला आमच्यासारखे पंप-फिल्टरवाले.

गेल्या थंडीत असंच एकीकडं बोलावणं आलं. पाहुण्यांच्या अंगावर पुरळ उठत होतं. मालक-मामा म्हणाले, "पाणी बघा की, तळ दिसतोय. आणि गरम पाण्यात कसले जंतू?" मी एका जेटची, म्हणजे पाण्याचा झोत सोडणाऱ्या तोंडाची, टोपी फिरवून काढली, आत बोट घातलं. भेंडी चिरल्यावर हाताला लागते तशी बुळबुळ, रंगानं करडी. मामा गप्प झाले.

सगळ्यात मोठी चूक हीच. टबातलं पाणी 38 ते 40 अंशांवर असतं. त्यात जंतू मरत नाहीत, उलट पोसतात. पाइपात त्यांचा बुळबुळीत थर बसला की वरनं टाकलेलं क्लोरीन आतपर्यंत पोचत नाही. पुरळ येतं ते बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळं: केसांच्या मुळाशी लाल, खाजणारे फोड, ओला कपडा अंगाला चिकटलेला असतो तिथं जास्त. ते बहुतेक वेळा आपोआप जातं. खरी भीती लेजिओनेला या जंतूची. बुडबुडे फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांतनं तो फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. त्यासाठी टबात उतरावं लागत नाही. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल इथं फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या टबामुळं ही साथ पसरली आणि किमान 32 माणसं दगावली. त्यातले बहुतेक नुसते तिथनं फिरत गेलेले.

दुसरी चूक, सकाळी एकदा क्लोरीन टाकून दिवसभर निर्धास्त राहणं. गरम, घुसळलेल्या पाण्यातनं क्लोरीन भराभर उडतं. संध्याकाळी सहा जण उतरतात तेव्हा उरलेलं असतं नावापुरतं. दिवाळीत तर लोक अंगाला तेल लावून थेट टबात! आधी साबणानं आंघोळ, हा नियम पाटीवर लिहा आणि तोंडानंही सांगा. मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) हवं, क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असाल तर 4. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7 ते 7.8. पाणी पिवळं करणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं किती ते नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या आणि दिवसातनं दोनदा तरी तपासा. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असंही समजू नका. तो वास बहुतेक वेळा घाम-मुतासंगं वापरून संपलेल्या क्लोरीनचा असतो.

पोहण्याच्या तलावात टाकायच्या टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या गोळ्या टबात नकोत. त्यांच्यातला स्टॅबिलायझर साठत जातो आणि क्लोरीन मंद पडतं. आणि त्या गोळ्या ग्रामपंचायतीच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीबरोबर एका डब्यात कधीच ठेवू नका, भडका उडू शकतो.

बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर पांढरी खपली धरते आणि बुळबुळीला बसायला जागा मिळते. ती काढत राहा.

पाणी कधी बदलायचं? टबाचे लिटर भागिले 11, त्याला रोजच्या माणसांनी भागा. 1500 लिटरचा टब आणि रोज दहा माणसं, म्हणजे तेरा दिवस. पण नुसतं रिकामं करून भरू नका. आधी पाइप साफ करणारं द्रावण जेटमधनं फिरवा, मग पाणी सोडा, घासा, फिल्टर धुवा. घासताना जेट बंद.

टबाजवळ जाऊन आल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना टबाचं आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना आत सोडू नका. पन्नाशी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांनी अशा टबापासनं लांबच राहिलेलं बरं.

आणि करंट गेला तर? पंप थांबतो, झाकणाखाली पाणी कोमट राहतं, क्लोरीन उतरतं. करंट आल्यावर लगेच माणसं सोडू नका. पाणी फिरवा, तपासा, मग बघू. मामांनी टबाशेजारी सुतळीला वही बांधली आहे. परवा गेलो तर शेवटची नोंद होती: "दुपारपासनं करंट नाही. टब बंद. पाहुणे रुसले."