माउंटन बाइकचे सस्पेंशन : निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

नागपुरात माउंटन बाइक घ्यायला आलेला ग्राहक दुकानात बहुधा सर्वांत आधी ‘डबल शॉकर (पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेंशन) आहे का?’ असे विचारतो, आणि पहिली चूक तिथेच होते. शॉकर किती आहेत यापेक्षा त्यांच्या आत काय आहे, हे पाहायला हवे. चांगल्या सस्पेंशनमध्ये स्प्रिंग धक्का झेलते आणि डॅम्पर तेलाचा प्रवाह अडवून त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. स्वस्त ‘डबल शॉकर’मध्ये पुष्कळदा नुसती स्प्रिंगच असते. अशी सायकल खड्ड्यातून निघताच उसळते, आणि चढावर पायडल मारताना तिचा मागचा भाग सतत वरखाली होत राहिल्याने चालवणाऱ्याची ताकद वाया जाते. त्याच किमतीत, फक्त पुढे सस्पेंशन असलेली हार्डटेल कितीतरी बरी, कारण वाचलेला पैसा चांगल्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या, सस्पेंशन असलेल्या दुपाखी भागावर) आणि ब्रेकवर खर्च झालेला असतो.

फोर्क किती मिलिमीटर दबतो, म्हणजे त्याचा ट्रॅव्हल किती, हे रस्त्यावरून ठरवावे. फुटाळा आणि अंबाझरी परिसरातल्या पक्क्या रस्त्यांवरच फिरायचे असेल, तर रुंद टायरची बिनसस्पेंशनची सायकलही उत्तम चालते. सेमिनरी हिल्सचे चढउतार आणि गोरेवाड्याकडच्या मुरमाड वाटांसाठी १०० ते १२० मिलिमीटर पुरेत. १५० मिलिमीटरच्या पुढचे सस्पेंशन तीव्र, खडकाळ उतारांसाठी असते. इथे ते केवळ वजन वाढवते.

एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा फोर्क, घेऊन दुकानातला दाब तसाच ठेवणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. नेहमीचे बूट आणि पाठीवरची सॅक घेऊन, भिंतीचा हलका आधार घेत सायकलवर बसावे, फोर्कच्या नळीवरची रबरी कडी खाली सारावी, अलगद उतरावे आणि कडी किती वर सरकली ते मोजावे. या दबण्याला सॅग म्हणतात. पुढे तो ट्रॅव्हलच्या साधारण १५ ते २५ टक्के असावा, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये १५ ते २५ मिलिमीटर. मागचा सॅग २५ ते ३० टक्के ठेवतात, पण तो चाकाच्या ट्रॅव्हलवर न मोजता मागच्या शॉकच्या दांड्याच्या स्ट्रोकवर (दांडा एकूण किती आत जातो त्यावर) मोजायचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हवा भरायला सस्पेंशनसाठीचा खास शॉक पंपच वापरावा. तो काढताना येणारा फुस्स आवाज बहुतेक वेळा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो; तो ऐकून पुन्हा हवा भरू नये.

आपल्याकडे या दाबावर हवामानाचाही परिणाम होतो. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला फोर्क मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या दुपारी सुमारे ९० पीएसआय दाखवेल, कारण बंदिस्त हवेचा दाब तापमानासोबत वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात जुळवलेला फोर्क उन्हाळ्यात कडक वाटला, तर तो बिघडला असे न समजता सॅग पुन्हा मोजावा. कॉइल स्प्रिंगच्या फोर्कला ही अडचण नसते, मात्र वजन न जुळल्यास तिथे स्प्रिंगच बदलावी लागते. वरचा प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याचा) नॉब फिरवून स्प्रिंग अधिक कडक होत नाही.

सॅग बरोबर असूनही हँडल उसळत असेल, तर रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार जास्त आहे. याउलट, ओळीने आलेल्या खड्ड्यांत फोर्क दबत जाऊन वर येतच नसेल, तर तो फार संथ आहे. बहुधा लाल रंगाचा असणारा रिबाउंडचा नॉब एकेक टिचकी फिरवून त्याच वाटेवर पुन्हा चालवून पाहावे. लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, फक्त सपाट रस्त्यावर आणि चढावर लावावा; खडकाळ उतारावर तो लावलेला राहिला, तर आतल्या भागांवर अनावश्यक ताण येतो.

पावसाळ्यात चिकटलेली काळी माती काढायला सर्व्हिस सेंटरमधला जोराचा पाण्याचा फवारा फोर्कच्या नळीभोवतीच्या रबरी सीलवर मारू नये. पाण्यासोबत बारीक कण आत शिरतात आणि नळ्यांवर ओरखडे पाडतात. ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे आहे. बऱ्याच कंपन्या फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिसिंग सुमारे ५० तास चालवल्यानंतर करायला सांगतात, आणि उन्हाळ्यातली धूळ पाहता इथे ती लांबवू नये.

पुढून खडखड येत असेल, तर फोर्क बदलण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलखालच्या हेडसेटवर (फोर्क वळू देणाऱ्या बेअरिंगवर) बोट ठेवल्यावर ढिलाई जाणवली, तर तो नीट घट्ट करून काम भागते. नळी आणि फोर्कचा खालचा भाग यांच्यामध्ये ती जाणवली, तर मात्र आतले बुश (नळी सरकते ती कडी) झिजलेले असतात आणि सायकल जाणकार मेकॅनिककडेच न्यावी लागते.