फ्रॉस्ट पडायच्या आत: जर्सीच्या परसातलं पीक आणि शरदातले शनिवार-रविवार

गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या मध्य न्यू जर्सीत बागेकडे बघायची नजर बदलावी लागते. तोवर पाणी, खत, कीड यातच जीव गुंतलेला असतो. आता बघायचं ते एवढंच की थंडी कुणाला आधी लागणार. पहिला फ्रॉस्ट, म्हणजे झाडं गोठवणारं दवाचं बर्फ, इथे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत कधीही पडतो. तेव्हा वाफ्यांच्या क्रमाने नाही, थंडी सोसण्याच्या क्रमाने काम करा.

सगळ्यात आधी तुळस आणि कढीपत्ता. फ्रॉस्टची वाट बघू नका. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जाणार असं दिसलं की कुंड्या घरात घ्या. त्याआधी कढीपत्त्याच्या पानांची मागची बाजू आणि खोड नीट तपासा. तपकिरी टिकल्यांसारखी खवले कीड दिसली तर नखाने खरवडून काढा आणि झाड साबणाच्या पाण्याने धुवा. घरात एकदा पसरली की हिवाळाभर पाठ सोडत नाही. त्यानंतर टोमॅटो, मिरची, दुधी, घेवडा. मेथी, कोथिंबीर, मुळा यांची घाई करू नका. हलकं गारठणं त्यांना चालतं, मुळा तर थंडीत गोड होतो.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. इथल्या उन्हावर वाळवणाचा भरवसा ठेवू नका. माझं माहेर मिरज. तिकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर घातलेली मिरची दोन-चार दिवसांत खडखडीत होते, कारण ऊन कडक आणि हवा कोरडी. जर्सीतल्या सप्टेंबरात ऊन तिरपं, रात्री दव आणि हवेत दमटपणा. मिरची वाळायच्या आधी आतून बुरशी धरते आणि बाहेरून ती दिसतही नाही. डिहायड्रेटर, म्हणजे वाळवणाचं विजेचं यंत्र, १३५ फॅरनहाइटवर लावा. मिरच्यांना उभी चीर द्या, एकमेकींवर ठेवू नका. मोडल्यावर कट्कन तुटली की झाली. नुसती वाकत असेल तर अजून ओल आहे.

सांडगी मिरचीही अशीच होते. भावनगरीसारख्या जाड, कमी तिखट मिरच्या घ्या. धने, जिरे, मेथी जाडसर कुटून त्यात मीठ, हिंग आणि आंबट दही घालून घट्ट मसाला करा, मिरच्यांत भरा आणि वाळवा. खर्डा मात्र बाहेर ठेवायचा नाही. लसूण आणि तेल एकत्र असलेला पदार्थ खोलीच्या तापमानाला ठेवला तर त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि ते वासाने किंवा चवीने कळत नाही. खर्डा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि हवा तसा एकेक तुकडा काढा.

टोमॅटोला मात्र एक अख्खा शनिवार द्या. जर्सीचा टोमॅटो नावाजलेला आहे. रटगर्स विद्यापीठाने १९३४ मध्ये आणलेलं वाण आजही लोक आवडीने लावतात. या टोमॅटोची चव जानेवारीत आमटीला आणायची तर बरण्या भराव्यातच. जॉन मेसनने १८५८ मध्ये पेटंट घेतलेली आट्यांच्या तोंडाची काचेची बरणीच त्यासाठी लागते. लोणच्याची चिनीमातीची बरणी नव्हे.

टोमॅटोच्या बुडाला फुलीची चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. साल चिरेपाशी सुटून वर वळते, बोटाने ओढली की निघते. देठाकडचा कडक भाग काढा, फोडी ठेचत ठेचत पातेल्यात उकळा आणि पाचेक मिनिटं शिजू द्या. प्रत्येक पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) गरम बरणीत आधी एक टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घाला. ताजं लिंबू नको. त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतला ठरावीक असतो. टोमॅटो आंबट लागला तरी त्याची आम्लता सुरक्षित रेषेच्या, म्हणजे पीएच या आम्लतेच्या मापावर ४.६ च्या, अगदी काठावर असते. हा रस ती रेषा पक्की सांभाळतो. वर अर्धा इंच जागा सोडा, चमच्याच्या दांड्याने बुडबुडे काढा, काठ पुसा, झाकण लावा आणि बरण्या पूर्ण बुडतील अशा उकळत्या पाण्यात ३५ मिनिटं ठेवा. समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत राहणाऱ्यांसाठी ही वेळ आहे, त्याहून उंचावर जास्त लागते. बाहेर काढल्यावर झाकणं टक् टक् वाजत आत बसतात. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. खालीवर हललं तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा.

या बरण्यांत फोडणी, कांदा, लसूण, काही घालू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याला वाटतं तयार ग्रेव्हीच भरून ठेवावी, पण कांदा-लसणीने आम्लता घटते आणि वरचं सगळं गणित बिघडतं. फोडणी बरणी उघडल्यावर द्या.

हिरव्या टोमॅटोंपैकी जे पूर्ण वाढलेत ते घरात पिकतात. एखादा कापून बघा, बियांभोवती बुळबुळीत गर धरला असेल तर त्याच्या जोडीचे पिकतील. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा, शेजारी एक सफरचंद टाका. फ्रिजमध्ये नको. उरलेल्या कोवळ्यांची तीळकूट घालून चटणी करा.

कोवळा दुधी किसा, दोन मिनिटं वाफवा, घट्ट पिळा आणि एका थालिपिठाच्या बेताने पिशव्या भरून गोठवा. घेवडा तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फात, मग फ्रीझरमध्ये. लाल भोपळा देठासकट कापा, उबदार हवेशीर जागी दहा-बारा दिवस साल टणक होऊ द्या आणि मग गार, कोरड्या तळघरात ठेवा. एखादा पितृपक्षातल्या घारग्यांना जातोच. त्याचा गर बरणीत भरून ठेवू नका. तो इतका दाट असतो की उष्णता मधोमध पोचत नाही. गोठवलेला चालतो.

एवढं झालं की रविवार मोकळा ठेवा, कारण शरदातलं माझ्या सगळ्यात आवडीचं काम पुढे आहे. वेलावर शेवटपर्यंत राखलेले, जून झालेले कडू भोपळे, म्हणजेच तुंबे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणी दारोदार टांगलेले भोपळे बघितलेत. सतारी-तंबोऱ्यांसाठी ते मंगळवेढ्याकडून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला. आपल्या परसातल्या तुंब्याचा तंबोरा होणार नाही, पण पक्ष्याचं घर नक्की होतं.

देठ तपकिरी झाल्यावर दोन-तीन इंच देठ ठेवून कापा. ओल्या फडक्याने पुसून गॅरेजमध्ये जाळीवर, एकमेकांना न लागता ठेवा किंवा देठाने टांगा. अधूनमधून फिरवत राहा. सालीवर काळी-पांढरी बुरशी येईल, ती येतेच, घाबरून टाकू नका. मऊ पडून पाणी सुटलं तेवढेच फेका. वाळायला तीन ते सहा महिने लागतात. हलका झाला आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की कोमट पाण्यात भिजवून तारेच्या घासणीने घासा. खालून पिवळसर, गुळगुळीत कवच निघतं.

कापताना तोंडाला मास्क हवाच, आतली धूळ छातीला वाईट. रेन या चिमुकल्या पक्ष्यासाठी एक आणि एक-अष्टमांश इंचाचं भोक पाडा. त्याहून मोठं केलं तर चिमण्या घुसतात. बुडाला पाणी निथळायला चार-पाच बारीक भोकं, देठाशी तार ओवायला दोन. बसायला दांडी लावू नका, रेनला ती लागत नाही आणि दुसऱ्या पक्ष्यांना पाय रोवायला जागा मिळते.

आतल्या बिया कागदी पाकिटात घालून नाव आणि साल लिहून ठेवा. शेजारी-पाजारी वाटण्याइतक्या निघतात. मे महिन्याच्या मध्यानंतर, फ्रॉस्टची भीती संपली की रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. वेलाला भक्कम मांडव आधीच घाला.