पट्टी, पेटी आणि पाण्याचा हंडा: पोरांना सूर आणि ध्वनिलहरी कशा समजवायच्या

आमच्याकडे लहानपणी पहाटे साडेपाचला पाणी यायचं. आजी नळाखाली हंडा लावून आत चहा टाकायला जायची आणि हंडा भरत आला की तिथूनच ओरडायची, "अगं बंद कर, भरला!" बघायला कधी आलीच नाही, कारण रिकाम्या हंड्यात पाणी पडताना आवाज जाड असतो आणि भरता भरता बारीक होत वर चढतो, ते तिला कानानेच कळायचं. पोरांना सूर शिकवायचा तर मी आता इथून सुरू करते, बादली नाहीतर बाटली नळाखाली धरायची आणि डोळे मिटून "आता थांब" कधी म्हणायचं ते त्यांनाच ओळखू द्यायचं. वहीतली ती ध्वनिलहरीची नागमोडी रेघ अगदी शेवटी.

पहिल्यांदा मी उलटं केलं होतं. भाची चौथीत, तिला फळ्यावर झोकात लहर काढून दाखवली आणि म्हटलं हा बघ आवाज, तर ती म्हणाली मग मावशी तो सापासारखा वळत वळत जातो का, आणि खिडकीच्या गजातून कसा जातो? काय सांगणार.

आधी भाषेचा घोळ निस्तरून घ्या, कारण आपणच पोरांना गोंधळात टाकतो. टीव्हीचा "आवाज वाढव" म्हणतो, भांडताना "आवाज चढवू नकोस" म्हणतो, आणि जोरात बोलणाऱ्याला "वरच्या पट्टीत बोलू नको" म्हणतो, खरं तर पट्टी म्हणजे सूर, जोर नव्हे. त्यामुळे मोठा आवाज म्हणजेच उंच सूर असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. मी दोन जोड्या वेगळ्या ठेवते, जोरासाठी मोठा-लहान आणि सुरासाठी जाड-बारीक. मग खेळ, कुजबुजणारी म्हैस कशी हंबरेल आणि बोंबलणारा डास कसा गुणगुणेल ते करून दाखवा. पोरं हसून लोळतात पण जोर वेगळा आणि सूर वेगळा हे पाच मिनिटांत कळतं.

आता खरी पट्टी घ्या, कंपासपेटीच्या दुकानात मिळते ती 30 सेंटीमीटरची स्टीलची. प्लॅस्टिकची नको, तुटून तुकडा उडतो. टेबलावर ठेवून 25 सेंटीमीटर बाहेर काढा, टेबलावरचा भाग तळहाताने अगदी कडेपर्यंत घट्ट दाबा आणि टोक खाली दाबून सोडा. कडेपर्यंत म्हटलं ते महत्त्वाचं, नाहीतर पट्टी टेबलावर आपटत राहते आणि पोरं तो खडखडाटच सूर समजतात, माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. नीट दाबली तर पट्टी वरखाली फडफडताना दिसते पण ऐकू जवळजवळ काही येत नाही. मग 12 सेंटीमीटर बाहेर ठेवा, घुर्र असा जाड आवाज येईल आणि टोक धूसर दिसेल. 6 वर आणा, चक्क सूर येतो. म्हणजे जी हालचाल आत्ता डोळ्याला दिसत होती तीच वेगात झाली आणि कानाला ऐकू यायला लागली, हा क्षण घाईने उरकू नका, दहा वेळा करू द्या. आपल्याला सेकंदाला साधारण 20 हेलकाव्यांपासून 20,000 पर्यंत ऐकू येतं, त्याच्या खाली फडफड असते पण कानाला ती लागत नाही. आता टोक जास्त वाकवून सोडा, आवाज मोठा होतो, सूर तोच. आणि टोकाला खोडरबर चिकटवा, जडपणामुळे पट्टी सुस्तावते आणि सूर खाली येतो. मोबाईलवर स्लो मोशन असेल तर शूटिंग करा, त्यात फडफड नीट दिसते.

घरात किंवा शेजारी कुणाकडे पेटी, म्हणजे हार्मोनियम, असेल तर वरचं झाकण उघडून आत दाखवा, मी स्वतः सहा वर्षं पेटी शिकले आणि आत कधी डोकावले नव्हते! पितळेच्या बारीक जिभा ओळीने लावलेल्या असतात, खर्जाकडे लांब आणि वर जाल तशा आखूड, म्हणजे आपली टेबलावरची पट्टीच. एकच सूर दाबून धरा आणि भाता आधी हळू मग जोरात मारा, आवाज लहानमोठा होतो पण पांढरी एकची पांढरी दोन काही होत नाही, म्हणजे सूर बदलत नाही. आतल्या जिभांना हात मात्र लावू देऊ नका, जीभ वाकली की पेटी बेसूर आणि मग दुरुस्तीवाल्याकडे खेपा.

मग बाटल्या. एकसारख्या काचेच्या दोन घ्या, एकीत पाणी अर्ध्याच्या वर, दुसरी रिकामी. चमच्याने वाजवायच्या आधी कुठली जाड वाजेल ते पोरांना कागदावर लिहायला लावा. चमचा मारला तर पाण्याची बाटली जाड वाजते, जलतरंगातही जास्त पाण्याचा वाडगा खालचा सूर देतो. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. उलटं! पाणीवाली बारीक वाजते. आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा दोनदा बाटल्या अदलाबदल करून बघत होता, मावशी काहीतरी चिटिंग करतेय म्हणून. उत्तर लगेच देऊ नका, फक्त विचारा, "नेमकं काय हलतंय?" चमच्याने काच आणि तिला लागलेलं पाणी हलतं, जडपणा वाढला की हेलकावे हळू होतात. फुंकरीने आतली हवा हलते, पाणी जास्त म्हणजे हवेला जागा कमी आणि हेलकावे झपाझप. "म्हणजे हंड्यासारखं!" हे त्याने स्वतः म्हटलं, मी तोंड मिटून होते म्हणून.

रबरबँड ताणून वाजवायचा प्रयोग सगळीकडे सांगतात, माझं त्याच्याशी जमत नाही. हातात ताणला की लांबी वाढते आणि ताणही वाढतो, एक सूर खाली ओढतं आणि दुसरं वर, शेवटी सूर जवळपास तिथेच आणि पोरं हिरमुसतात. करायचाच तर पोळ्यांच्या डब्यावर रबर चढवा, खाली पेन्सिल सरकवून वाजणारा तुकडा आखूड करत न्या, मग ताण तसाच राहतो आणि सूर चढलेला ऐकू येतो.

पाढे येणाऱ्या पोरांसाठी एक गंमत. संगीताच्या परीक्षेच्या पुस्तकात मध्य सा सेकंदाला 240 कंपनांचा धरतात आणि तारेची लांबी 36 इंच. म 320 ला 27 इंच, प 360 ला 24 इंच, वरचा सा 480 ला 18 इंच. दोन आकड्यांचा गुणाकार करायला सांगा, दर वेळी 8640 येतो. आणि वरचा सा म्हणजे बरोबर दुप्पट हेही दिसतं, दोन्ही सा एकाच घरचे का वाटतात याचा धागा इथे आहे.

आता लहर. पाच-सहा पोरं एकामागे एक उभी करा, खिचडीच्या रांगेसारखी, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. मागच्याने हलका धक्का द्यायचा, धक्का पुढे पोचतो पण पोरं जागच्या जागी. हवेचंही असंच, दाटणं आणि विरळ होणं पुढे सरकतं, हवा काही बाटलीतून निघून कानात घुसत नाही. सावकाश धक्के म्हणजे जाड सूर, भरभर धक्के म्हणजे बारीक, जोराचे धक्के म्हणजे मोठा आवाज. हे झालं की मगच मोबाईल काढा. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं, त्यातल्या ऑडिओ स्कोपवर आवाजाची लहर दिसते. आधी शिट्टी वाजवा कारण तिची लहर स्वच्छ येते, गळ्याची खडबडीत असते. खालचा आ लावला तर स्क्रीनवर थोड्या लाटा, वरचा लावला तर दाटीवाटीने, आणि जोर वाढवला तर त्याच लाटा उंच. एक गोष्ट बजावून सांगा की स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे वेळ जातोय, हवेतला रस्ता नाही, म्हणजे साप परत येत नाही. शाळेतले वारंवारता (सेकंदाला किती हेलकावे) आणि आयाम (लाट किती उंच) हे शब्द मी इथे आल्यावरच सांगते, तोवर शब्दाशिवाय काम भागतं.

शेवटी भाचीला म्हटलं, हंडा भरतानाचा आवाज कागदावर काढून दाखव बघू. तिने पानभर रेघ काढली, डावीकडे ऐसपैस लाटा, मग जवळ जवळ, उजव्या टोकाला इतकी गिचमीड की कागद फाटायला आलेला, आणि त्याच्या पुढे दोन बोटं सरळ आडवी रेघ. हे काय गं, विचारलं तर म्हणाली, "पणजीने नळ बंद केला."