जुन्या नांगराच्या हायड्रॉलिकमधील दोष कसा शोधावा

जुना पलटी नांगर किंवा डिस्क हॅरो नीट उचलला जाईना, की पहिला संशय हायड्रॉलिक पंपावर, म्हणजे दाबाने तेल ढकलून अवजार उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या पंपावर घेतला जातो. वास्तविक पंप हा महागडा आणि तपासणीत सर्वांत शेवटी यावा असा भाग आहे. दोष ट्रॅक्टरमध्ये आहे की अवजारात, हे ठरेपर्यंत काहीही खोलू नये.

तपासणीपूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर पुढे-मागे करून पाइपांतील दाब मोकळा करावा. बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा फिरवून पाहावी. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढीच दिसली, तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

तेलाची पातळी सिलिंडरचे रॉड (तेलाच्या दाबाने आत-बाहेर सरकणारे दांडे) आत असताना पाहावी. दुधाळ तेलात पाणी असते, फेसाळ तेलात हवा. ही हवा बहुधा पंपाच्या ओढीच्या बाजूने येते आणि तेथे तेल बाहेर झिरपेलच असे नाही, म्हणून ओला डाग नसला तरी तेथील क्लिप व ओ-रिंग (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) तपासाव्यात. पंप किंचाळत असेल, तर फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी.

यानंतर तेच पाइप ट्रॅक्टरच्या दुसऱ्या व्हॉल्व्हला जोडावेत. दोष नाहीसा झाला, तर पहिला व्हॉल्व्ह किंवा त्याचा कपलर (पाइप जोडण्याचे तोंड) सदोष आहे. दोष तसाच राहिला, तर अवजाराकडील कपलर आणि होज (रबरी पाइप) पाहावेत. जुन्या होजचे आतील रबर सुटून झडपेसारखे आडवे येते आणि नांगर उचलला जातो, पण खाली येत नाही. बाहेरून मात्र होज धडधाकट दिसतो.

अवजार उभ्या-उभ्या खाली बसत असेल, तर कपलर सोडवून ते तरीही बसते का याची वाट पाहणे पुरेसे नाही. भार रॉडला आत ढकलत असेल आणि पिस्टनच्या (रॉडच्या आतील टोकावरील दट्ट्याच्या) दोन्ही बाजूंचे तेल कोंडलेले असेल, तर पिस्टनचे सील (तेल अडवणारे कडे) फाटूनही सिलिंडर भार धरून राहू शकतो. म्हणून पिन काढून सिलिंडर भारमुक्त करावा, रॉड शेवटपर्यंत बाहेर सरकवावा, दाब मोकळा करून रॉडकडील होज सोडवावा व त्याचे तोंड बंद करावे. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली भांडे ठेवून, त्यासमोर न थांबता, सिलिंडरच्या मागील (रॉड नसलेल्या) बाजूस हळूहळू दाब द्यावा. आधी साचलेले तेल निथळेल. त्यानंतरही तेल येतच राहिले, तर सील गेले आहे.

रुंद हॅरोची एकच बाजू खाली राहत असेल आणि त्याचे सिलिंडर एकामागोमाग जोडलेले असतील, तर अवजार पूर्ण उचलून लिव्हर काही सेकंद धरून ठेवावा, म्हणजे ते पुन्हा एका पातळीत येतात. या साध्या उपायाअभावी चांगली सिलेही विनाकारण बदलली जातात.

नवे सील बसवण्यापूर्वी रॉडवरून नख फिरवावे. गंजाच्या खड्ड्यात नख अडकले, तर तो रॉड नवे सीलही फाडणार. जोडणीनंतर सिलिंडर बिनभाराने अनेकदा आत-बाहेर करून हवा काढावी आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी.