आदिवासी वाडीवर दंत व आरोग्य शिबिर घेताना

आंबेगाव, जुन्नर किंवा खेडच्या पश्चिम पट्ट्यातील एखाद्या वाडीवर शिबिर घ्यायचे ठरले, की पुण्यातील गट आधी बॅनर छापतो आणि औषधांची खोकी गोळा करू लागतो. खरे तर पहिला फोन त्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि वाडीच्या आशाताईंना करायला हवा. कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, कोण गरोदर आहे, कोणी क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आहेत, हे आशाताईंना तोंडपाठ असते. शिवाय शिबिर संपल्यानंतर रुग्णाच्या दारी जाणारे तेच हात असतात.

तारीख ठरवताना आपला रविवार न पाहता वाडीचे वेळापत्रक पाहावे. जून-जुलैत भातलावणी असते, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी असते, तर उन्हाळ्याच्या तोंडी महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करण्यात गुंतलेली असतात. कातकरी कुटुंबांपैकी अनेक जण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात; त्यामुळे डिसेंबरात कातकरीवाडीवर गेलेल्या गटाला बहुधा म्हातारी माणसेच भेटतात. त्यांच्यासाठी लावणी उरकल्यानंतरचा, कापणीपूर्वीचा काळ बरा. आठवडे बाजाराचा दिवसही टाळावा.

दाताच्या कामात सर्वांत कठोर नियम एकच ठेवावा: जितके निर्जंतुक केलेले संच सोबत आहेत, तितक्याच रुग्णांचे दात काढायचे. चिमटे पाण्यात उकळून घेतल्याने ते निर्जंतुक होत नाहीत, कारण जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली, गुंडाळलेल्या संचांना साधारण ३० मिनिटे द्यावी लागतात. म्हणून संच पुण्यातूनच बंद पाकिटांत न्यावेत. रांग लांब आहे म्हणून या नियमात सूट देणाऱ्या गटाने तोंड तपासून घरी परतलेले बरे, कारण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेली कावीळ नंतर कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही.

दात काढण्यापूर्वी रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजावी, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हृदयाच्या झडपेचा आजार व गरोदरपण यांची विचारपूस करावी. रक्तदाब १८०/११० च्या वर असल्यास दात न काढता रुग्णाला पुढे पाठवावे. दात काढण्याचे काम दुपारी दोनच्या आत आटोपावे. संध्याकाळी रक्तस्राव सुरू झाला आणि वाडीवरची शेवटची एसटी निघून गेलेली असली, तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर भिस्त ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. विजेशिवायही बरेच काम होते. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येते, आणि लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे औषध लावता येते. मात्र त्याने कीड काळी पडते, हे आईला आधी सांगून तिची संमती घ्यावी.

बायकांना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते आणि ते प्रामाणिक असते, कारण दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची मशेरी त्यांच्या लेखी तंबाखू ‘खाणे’ नसते. तर्जनीच्या टोकावरचा काळसर डाग आणि मागे सरकलेल्या हिरड्या पाहून ‘मावशी, मशेरी दिवसातून किती वेळा लावता?’ असे विचारावे. तेव्हा सकाळी, जेवणानंतर आणि रात्री असा हिशेब सहज मिळतो. दात काढल्यावर अर्धा तास कापूस दाबून धरावा, चोवीस तास जोराने चूळ भरू नये आणि काही दिवस मशेरी लावू नये, हे रुग्णासोबत आलेल्या माणसालाही सांगावे. बायकांची तपासणी आडोशाला आणि शक्यतो महिला डॉक्टरांनी करावी.

सामान्य तपासणीच्या टेबलावर जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटण्याची हौस आवरावी. रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांपुरत्या देण्यापेक्षा नोंद करून रुग्णाला उपकेंद्राशी जोडून द्यावे. आपल्याला न झेपणारे रुग्ण घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावेत; तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा असल्यास थेट औंधच्या जिल्हा रुग्णालयाची अथवा ससूनची चिठ्ठी द्यावी, आणि त्या चिठ्ठीसोबत गाडीभाड्याचीही सोय करावी, नाहीतर ती चिठ्ठी कनवटीलाच राहते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, तर रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत भरून परत आणावेत. वाडीवर काहीही पुरू किंवा जाळू नये. सत्काराला वेळ देऊ नये. निघण्यापूर्वी नोंदवहीची एक प्रत आशाताईंकडे आणि दुसरी आरोग्य केंद्रात द्यावी, ज्यांचे दात काढले त्यांची दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंमार्फत चौकशी करावी, आणि पुढच्या भेटीची तारीख वाडीवर असतानाच ठरवावी.